फॅमिली रूम नसलेलं दुकान

मिसळीच्या दुकानात कितीही गर्दी असली तरी जागा मिळण्याचे कायदे आहेत, आणि कोल्हापूरच्या माणसाला ते शिकवावे लागत नाहीत. बाकावर तिघं बसले असतील तर चौथा "सरका की पाव्हणं" म्हणतो आणि बूड टेकतो. समोरच्यानं कट परत मागवलाय का, ब्रेडच्या स्लाइस किती उरल्यात, यावरून मागं उभ्या असलेल्याला अंदाज येतो. गल्ल्यावरच्या मालकाला तर सगळ्या बाकांचा हिशेब पाठ असतो. तो नुसती मान हलवतो आणि कोपऱ्यातले दोघं हात धुवायला उठतात. खाऊन झाल्यावर तिथं बसून राहणं हा गुन्हा. पेपर वाचायचा असेल तर घरी जाऊन वाचा.

बर्गरच्या दुकानात यातलं काहीच चालत नाही. चार खुर्च्यांच्या टेबलावर दोन पोरं मोबाइलमध्ये डोकी घालून बसलेली असतात आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर त्यांच्या सॅक बसलेल्या असतात. "सरका" म्हणावं तर खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या. मालक म्हणावा असा कुणी दिसत नाही. मग माणसं काय करतात, तर खाणाऱ्याच्या पाठीमागं हातभर अंतरावर उभी राहतात आणि त्याचे घास मोजतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली जात. इथं रुमाल टाकायला खिडकीच नाही, म्हणून सगळे असे भुतासारखे उभे. ज्याच्या मागं कुणी उभं आहे त्याला ते कळत असतं. तो शेवटचे चार फ्राइज एकेक करून, मुद्दाम, टोमॅटो सॉसमध्ये बुडवून खातो. मीही असे खाल्लेत.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आई, भाची आणि मी अशा तिघी तिथं गेलो. भाचीची परीक्षा संपली होती आणि बक्षीस म्हणून तिला हेच दुकान हवं होतं. आई येणार नव्हती. ती आम्हाला महाद्वारात भेटली, अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडताना, आणि तेवढ्यात वळीव कोसळला. रिक्षा मिळाली ती एकच. आता तिला घरी सोडून परत यायचं म्हणजे पोरीचं तोंड उतरणार, म्हणून आई म्हणाली, "चला, मीबी बघते काय हाय ते."

पावसानं अर्धं कोल्हापूर आत आणून ठेवलं होतं. काचेवर आतून वाफ धरलेली, फरशीवर ओल्या चपलांचे ठसे, एक मुलगा मॉप घेऊन सारखा तेच चार हात पुसतोय. रांगा तीन होत्या की एक होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात स्टेडियमवरून आलेला पोरांचा एक घोळका होता, दोन वेगवेगळ्या तालमींच्या जर्सी घातलेला. कोल्हापुरात पीटीएम, म्हणजे पाटाकडील तालीम, आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉलचा सामना असला की काय वातावरण असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण इथं दोन्हीकडची पोरं हातात बिलाचा कागद घेऊन एकाच स्क्रीनकडं माना वर करून उभी होती. नंबर लागत नाही तोवर भांडून उपयोग काय?

काउंटरवरची मुलगी वीस-एकवीसची असेल. डोक्यावर टोपी, कानात हेडफोन, आणि तोंडी "वेलकम मॅम" पासून "एनिथिंग एल्स मॅम" पर्यंतची पाठ केलेली वाक्यं. आईनं तिला मध्येच तोडलं. "बाळ, आज शुक्रवार हाय माझा. तुमचा चिकनचा तवा आणि आमचा तवा एकच का?" मुलीनं क्षणभर स्क्रीनकडं पाहिलं. याचं बटण नव्हतं. मग टोपीतून एकदम गावाकडची पोरगी बाहेर आली. "न्हाई आजी, दोन्ही किचन येगळी हायत. माणसंबी येगळी. मीबी शुक्रवार करते." आईचं समाधान झालं. माझ्या मते तो संध्याकाळचा सर्वांत पक्का व्यवहार होता.

हा तव्याचा प्रश्न आईचा एकटीचा नाही. मॅकडॉनल्ड्सनं भारतातलं पहिलं दुकान उघडलं ते १९९६ साली, दिल्लीत वसंत विहारला, आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला. गाय-डुकराचं मांस यादीतून पूर्ण काढून टाकलं. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकघरं, भांडी, माणसं वेगळी ठेवली. मेयोनेजमधून अंडं गेलं. ज्या पदार्थाचा जीव म्हणजे गोमांसाची चकती, तो इथं बटाट्याच्या टिक्कीवर उभा राहिला. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला कुणाच्या तरी आईचा शुक्रवार सांभाळावा लागला, याची मला गंमत वाटते.

जागा आईनंच मिळवली. आम्ही दोघी शिस्तीत एका कुटुंबाच्या मागं घास मोजत उभ्या होतो. आईनं सगळ्या दुकानावर एक नजर फिरवली, खिडकीजवळच्या टेबलाशी गेली, खुर्चीवरची सॅक उचलून त्या मुलीच्या मांडीवर ठेवली आणि बसली. "धर गं जरा. पावसात उभारून गुडघं भरून आलंत." दोन मुली होत्या, अठरा-एकोणीसच्या. त्यांच्यामध्ये फ्राइजचं एकच पाकीट आणि बर्फ वितळून पांढुरका झालेला कोल्ड्रिंकचा एक ग्लास. त्या दचकल्या, मग हसल्या, मग सरकता येत नसूनही सरकल्यासारखं केलं. भाची चौथ्या खुर्चीवर बसली आणि मी उभीच राहिले.

बसल्याबरोबर आईनं कोल्हापूरचा पहिला प्रश्न विचारला. "कुठल्या गं तुम्ही?"

आता हा प्रश्न म्हणजे नुसती सुरुवात असते. गाव कळलं की तिथलं कुणीतरी ओळखीचं निघतं, मग आडनाव, मग भावकी, मग "म्हणजे तू अमक्याची नात का?" शहरातली असली तर पेठ आणि गल्ली. दोन मिनिटांत माणसाचं आख्खं बाड उलगडतं. प्रेमानंच विचारतात, वाईट हेतू नसतो. एकीनं तालुक्याचं नाव सांगितलं, राधानगरी. गावाचं नाही. दुसरी म्हणाली, "मीपण तिकडचीच," आणि ग्लासातली नळी फिरवत बसली. दोघींच्या चेहऱ्यावर एक पडदा पडला तो मी उभी होते म्हणून मला नीट दिसला.

तेवढ्यात पहिलीचा फोन वाजला. तिनं हात तोंडाशी धरला, पण त्या कलकलाटात मोठ्यानंच बोलावं लागलं. "होय आई. क्लासमधेच हाय. पाऊस थांबला की निघतो आम्ही." फोन ठेवताना तिचं लक्ष आईकडं गेलं. आमची आई म्हणजे गल्लीतल्या कुणाच्या मुलीला रंकाळ्यावर कुणाबरोबर पाहिलं, हे त्या मुलीच्या घरी मुलगी पोचायच्या आत पोचवणारी. मी मनात म्हटलं, आता होतंय. आईनं ट्रेमधलं सॉसचं पाकीट घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते कुठून फाडायचं यात एकदम गुंग झाली.

खाण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बन गोड लागतो. इतका गोड की बेकरीवाल्यानं हात चुकवला असं वाटावं. टिक्की गरम असेपर्यंत बरी. फ्राइज पहिली पाच-सात मिनिटं फार छान लागतात आणि त्यानंतर कुणी दिले तरी खाऊ नयेत. तिखट म्हणून जे काही असतं त्यानं कोल्हापूरच्या जिभेला जाग येत नाही, पण त्यावर विनोद करायचा मला कंटाळा आलाय. दर वेळी कुणीतरी घरून कांदा-लसणीची चटणी आणायची गोष्ट काढतंच. आपल्याला रोज तिखटच हवं असतं हा समज आपणच जगभर पसरवलाय. आईनं तिचा बर्गर उघडला, टिक्की आधी खाल्ली, मग बन वेगळा खाल्ला, आणि शेवटी कांद्याच्या चकत्या. "बरं हाय," म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकायला आमच्या घरी सुना वर्षानुवर्षं थांबल्यात.

ती खात होती तेव्हा मी तिच्याकडं पाहत होते आणि मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. माझी आई भर हॉटेलात, चारी बाजूंनी माणसं असताना, काचेजवळ बसून, रस्त्यावरच्या माणसांना दिसेल अशी खात होती. असं मी तिला आधी पाहिलेलं आठवेना.

आमच्या लहानपणी हॉटेलात बायकांची जागा ठरलेली असे. दारातच बाण काढलेली पाटी: फॅमिली रूम वर. खाली पुरुषांचा हॉल, गल्ला, रेडिओ, बादल्यांतून रस्सा वाढणारी पोरं. आम्ही त्या हॉलच्या कडेनं, कुणाकडं न बघता, लाकडी जिन्यानं माडीवर जायचो. वर प्लायवूडचे खण पाडलेले आणि प्रत्येक खणाला पडदा. बाबा बाहेरच्या बाजूला बसायचे, आई भिंतीकडं तोंड करून. पडद्याखालून वेटरचे पाय दिसायचे. तांबडा-पांढरा यायचा, पण तो वर येईतोवर वरचा तवंग हललेला असायचा. खाली परत रस्सा मागितला की लगेच वाटीत पडायचा. वर मात्र बाबांनी पडद्याबाहेर डोकं काढून हाक मारायची, मग कुणीतरी जिना चढणार. आई कधी दुसऱ्यांदा मागत नसे. घरी आल्यावर भाकरी खायची.

मिसळीच्या दुकानात तर तीही सोय नव्हती. मिसळ डब्यातून घरी यायची. शहरातल्या प्रत्येक नावाजलेल्या मिसळीवर आईचं ठाम मत आहे, कुठल्या दुकानाचा कट हल्ली पातळ झालाय हे ती शपथेवर सांगेल. पण त्यातल्या बहुतेक दुकानांची आतली भिंत कुठल्या रंगाची आहे हे तिला माहीत नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतात, त्या कट्ट्यावर बाबा रोज जायचे. दूध आमच्यासाठी किटलीतून. ग्लास हातात घेऊन फेसासकट तिथंच प्यायचं ते पुरुषांनी.

आता पुष्कळ बदललंय. हल्ली मिसळ खायला बायकांचे घोळकेच्या घोळके येतात. पण एकट्या मुलीनं, काही काम नसताना, नुसतं बसायला जायचं म्हटलं तर आजही कुठं जाणार? रंकाळ्याच्या कठड्यावर तासभर बसली तर तिसऱ्या दिवशी मामाला कळतं. बागेत बसली तर चणेवाला विचारतो. आपलं शहर माणसाला एकटं सोडत नाही. हे आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगणारे बहुतेक पुरुष असतात.

मजा अशी की हे बर्गरचं दुकान मुळात कुणी बसून राहू नये म्हणूनच तयार झालं. रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडॉनल्ड भावांचं कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला एक हॉटेल होतं. गाड्या बाहेर लावायच्या, मुली गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणार, तिथंच आणून देणार. धंदा जोरात. पण त्या मुलींच्या नादानं टोळक्यानं पोरं येऊन पडून राहायची, आणि त्यांना बघून कुटुंबं पुढं निघून जायची. १९४८ साली भावांनी चालतं हॉटेल काही महिने बंद केलं. सगळ्या मुलींना कामावरून काढलं. पंचवीस पदार्थांची यादी नवावर आणली. बशा, काटे, चमचे गेले, सगळं कागदात. टेनिसच्या मैदानावर खडूनं स्वयंपाकघराचा नकाशा आखला आणि कामगारांना त्यात खोटं खोटं बर्गर करत फिरवलं, कोण कुणाला धडकतो ते बघायला. रात्री पाऊस आला आणि ती रेघ न् रेघ धुऊन गेली, मग परत आखलं. बर्गरची किंमत निम्म्यावर, १५ सेंटला आणली. सुरुवातीला गिऱ्हाइकं येऊन नुसती हॉर्न वाजवायची, अजून कुणी मुलगी गाडीपाशी का येत नाही म्हणून.

पुढं मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक तिथं पोचला आणि १९५५ पासून त्यानं याच पद्धतीची दुकानं काढत नेली. त्याचाही कटाक्ष तोच. दुकानात गाण्यांचं यंत्र नको, सार्वजनिक फोन नको, सिगारेटचं यंत्र नको; रेंगाळायला कारणच नको. काउंटरवर मुली नकोत, कारण मुली आल्या की पोरं रेंगाळणार. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हे असंच चाललं. म्हणजे पोरांच्या रेंगाळण्याची शिक्षा मुलींना, हा हिशेब काही आपल्याकडंच होतो असं नाही.

आणि कोल्हापुरात त्याच जातीच्या दुकानात, शुक्रवार करणारी मुलगी काउंटर सांभाळते आणि समोर दोन पोरी एका पाकिटावर अडीच तास काढतात. खुर्ची टणक आहे, गाणं कानठळ्या बसवणारं आहे, दिवे डोळ्यांत जातात. त्यांना काही फरक पडत नाही. इथं त्यांना कुणी ओळखत नाही, बिलावर फक्त आकडा असतो, आणि त्या आकड्याला गाव नसतं. आपण या दुकानांना नावं ठेवतो ती नेमकी याच कारणासाठी: काय ही हॉटेलं, माणसाला माणूस ओळखत नाही. मीही ठेवत आले. जी अगत्यशून्यता मला टोचते तिच्यासाठीच त्या दोघी राधानगरीवरून आलेल्या.

कुणी कुणाशेजारी बसून खायचं यावरून या शहरानं पूर्वी मोठी लढाई पाहिलीय. शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना वरच्या जातींसाठी राखलेल्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामना नोकरीतून मोकळं करून धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. दुकान झकपक, चहा चांगला, गिऱ्हाईक येईना. मग खुद्द छत्रपती गाडी दारात थांबवून चहा मागवू लागले, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. राजानं दिलेला चहा नाही कसा म्हणणार? मला या गोष्टीत नेहमी त्या मानकऱ्यांचे चेहरे दिसतात. कप ओठाला लावताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, आणि घरी गेल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल.

बर्गरच्या दुकानात कुणी राजा येत नाही आणि कुणाला काही पटवून द्यायचं नसतं. पैसे टाका, आकडा घ्या, शेजारी कोण आहे ते विचारू नका. याला समता म्हणावं इतकी मी भोळी नाही. त्याच संध्याकाळी काउंटरच्या कडेला घरपोच खाणं पोचवणारी सात-आठ पोरं भिजून निथळत उभी होती, पाठीवर चौकोनी पिशव्या, हातात फोन. त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. खुर्ची मिळायला निदान फ्राइजचं एक पाकीट तरी घ्यावं लागतं, आणि त्या एका पाकिटासाठी त्या दोघींनी काय काय वाचवलं असेल ते त्यांनाच माहीत. मॉप मारणारा मुलगा तर कुणाच्याच खिजगणतीत नव्हता. आईनं मात्र त्याला थांबवून विचारलंच, "तू जेवलास का?" तो "हो आजी" म्हणाला आणि पुढं गेला.

पाऊस उघडल्यावर त्या मुली उठल्या. फोनवर खोटं बोललेली मुलगी जाताना आईच्या पाया पडली, का ते कुणास ठाऊक. रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. दसरा चौक ओलांडल्यावर म्हणाली, "ती पोरगी आईला काय बोलली ते मी ऐकलं न्हाई. तूबी ऐकलं न्हाईस." मी बरं म्हटलं.

घरी पोचेस्तोवर तिचं ठरलं होतं: पुढच्या महिन्याची भिशी तिथंच. त्यांच्या भिशीत अकराजणी आहेत, सगळ्या साठीच्या पुढच्या, दोघींना जिना चढता येत नाही. घरी भिशी म्हणजे जिच्याकडं असेल तिनं सकाळपासून राबायचं, आणि बायका आल्या की गप्पांच्या वेळी ती स्वयंपाकघरात. "इथं कसं, समद्याच बसतील," आई म्हणाली. भाचीनं कपाळाला हात लावला. मला दुसऱ्या दिवशी चौकशीला पिटाळलं गेलं.

मॅनेजर म्हणजे तिशीच्या आतला एक मुलगा. टेबल राखून ठेवता येत नाही, म्हणाला, नियमच नाही. वाढदिवसाची पार्टी असेल तर मात्र टेबलं देतो, टोपीपण देतो. मी हे घरी येऊन सांगितलं. आता कुणाचा वाढदिवस दाखवायचा यावर भिशीच्या बायकांत फोनाफोनी सुरू झाली. एकीला तारीख माहीत नव्हती, एकीला फक्त तिथी माहीत होती, एक म्हणाली माझा नको, मालकांना कळलं तर पेढे मागतील. शेवटी आईनं सगळ्यांना आधार कार्ड काढायला लावलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकायची तीच सगळीकडं टाकलेली. अकरापैकी सातजणींचा वाढदिवस १ जून.

१ जूनला दुपारी चार वाजता त्या सगळ्या पोचल्या. मॅनेजर पुठ्ठ्याचा मुकुट घेऊन आला आणि विचारता झाला, "आजी, बर्थडे कुणाचा? कुणाला घालू?"

आई म्हणाली, "सात आण."